साडूंचे वाढलेले शिपाई

त्या रविवारी आमच्या साडूंनी फासे टाकले, आकडा वाचला, खुर्चीवर बसले आणि टेबलावर कलले. त्यांच्या हाताखाली खेळातले शिपाई आडवे झाले. क्लबातल्या मेजरांनी रिक्षा बोलावली. मी ताईंना फोन केला.

पुण्यात आमच्या साडूंइतका भित्रा माणूस दुसरा झाला नाही, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे. ताई म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण आणि साडू त्यांचे यजमान. माझं लग्न झालं तेव्हा मांडवात माझी ओळख करून घेण्याआधी त्यांनी मांडवाच्या दोऱ्या हलवून पाहिल्या होत्या. हेल्मेट घालणं हा स्वतःचा अपमान आहे असं ज्या काळी सगळं शहर मानत होतं, त्या काळी ते हेल्मेट घालत. स्कूटरवर तर घालतच, पण ज्या गल्लीत नारळाची झाडं आहेत तिथून पायी जातानाही घालत. कोपऱ्यावरचा किराणावाला एकदा म्हणाला, "काका, गाडी घरी विसरलात वाटतं?" साडू शांतपणे म्हणाले, "गाडी दुसरी घेता येते हो." फोन वाजला की ते उचलत नसत, त्याच्यासमोर उभे राहून तो वाजायचा थांबेपर्यंत त्याच्याकडे बघत. थांबला की चेहरा मोकळा करून म्हणत, "चला, वाईट बातमी नव्हती. वाईट बातमी देणारा माणूस इतक्या लवकर ठेवत नाही." सन दोन हजार उजाडताना संगणक बंद पडतील, अशी आवई उठली होती. तेव्हा त्यांनी घरातली सगळी पातेली, कळशा, फुलदाणीसुद्धा पाण्याने भरून ठेवली होती. संगणकाचा आणि फुलदाणीचा संबंध काय, असं मी विचारलं तर म्हणाले, "तो कुणालाच माहीत नाही, हीच तर भीती आहे."

ते पिंपरीकडे एका कारखान्यात सुरक्षा विभागात होते. म्हणजे इतरांना जे फुकट करावं लागतं त्याचा त्यांना पगार मिळत होता. कुठे पाय घसरेल, कुठे बोट सापडेल, कुठली साखळी तुटेल, हे त्यांना आधी दिसायचं, आणि खरोखरच त्यांच्या विभागात कुणाचं नखही गेलं नाही. मग देशाचं धोरण बदललं, बाहेरच्या कंपन्या आल्या, आणि कारखान्याने जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती देऊ केली. साडू घरी आले आणि म्हणाले, "आयुष्यभर सगळ्या बाजूंनी लक्ष ठेवलं, साडूभाऊ. हे या बाजूने येईल असं वाटलं नव्हतं." त्यानंतर काही महिने ते खिडकीत बसून रस्त्यावरच्या लोकांचे अपघात व्हायच्या आधी मनातल्या मनात मोजत. ताई मला म्हणाल्या, "यांना कुठेतरी घेऊन जा हो. मला घरात चालताना पाऊल कसं टाकू ते सांगायला लागलेत."

मी त्यांना नेलं ते आमच्या युद्धखेळाच्या क्लबात. मी तिथे खेळायला जात नसे. क्लब चालवणाऱ्या निवृत्त मेजरांकडे पुस्तकांची दोन कपाटं होती, आणि मी त्या कपाटांसाठी जात असे. नारायण पेठेत पिठाच्या गिरणीच्या वर एक खोली होती. तिथे दोन जुनी दारं जोडून मोठं टेबल केलेलं होतं, त्यावर हिरवं कापड. टेकड्या गणपतीच्या मखरातल्या थर्माकोलच्या, झाडं भांडी घासायच्या घासणीची, आणि सैन्य अंगठ्याएवढ्या शिपायांचं. शिंप्याच्या टेपने अंतर मोजायचं, तेवढं शिपाई सरकवायचे, फासे टाकायचे, आणि आकड्यावरून कोण पडलं ते ठरवायचं. खालच्या गिरणीचं पीठ फळ्यांच्या फटींतून सतत वर येई आणि रणभूमीवर हलकेच बसे. त्यामुळे आमच्या सगळ्या लढाया, मग त्या वाळवंटातल्या का असेनात, हिमवर्षावात होत.

साडूंनी पहिल्या दिवशी खोलीत येताच खिडकी किती उंचावर आहे ते पाहिलं, फळ्या पायाने दाबल्या, आणि मग ते टेबलाकडे बघत उभे राहिले. अर्ध्या तासाने म्हणाले, "यांच्या डाव्या बाजूला कुणीच नाही." मेजर चमकले. खरोखरच नव्हतं. त्या दिवसापासून साडू क्लबाचे सेनापती झाले, आणि असा सेनापती जगात कुठल्याही सैन्याला मिळाला नसेल. ते हल्ला करत नसत. शत्रू एक वीत पुढे आला की साडू दीड वीत मागे. टेकडी मिळाली की तिच्या मागे, नदी मिळाली की पलीकडे. टेबलाची कड आली की मात्र त्यांच्या कपाळावर घाम येई. समोरचा कंटाळून बरोबरी मान्य करी, नाही तर त्याच्या जेवणाची वेळ होई. साडू कधी जिंकले नाहीत, पण त्यांचं सैन्य जसंच्या तसं घरी जाई. मेजर एकदा वैतागून म्हणाले, "अहो, मी सीमेवर राहून आलोय. तिथेसुद्धा मला दिवस इतका लांब वाटला नव्हता." साडू म्हणाले, "तुमच्या हाताखालचे किती परत आले?" मेजरांनी दोघांसाठी चहा सांगितला.

शिपाई रंगवण्याचं कामही हळूहळू साडूंकडे आलं. बुधवार पेठेतून त्यांनी घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग आणलं होतं. ते लावून, श्वास रोखून, सुईच्या टोकाने ते एकेका शिपायाचे डोळे काढत. इतरांचे शिपाई रागीट दिसत. साडूंचे शिपाई डोळे मोठे करून समोर बघत. कुणीतरी हसलं. साडू म्हणाले, "लढाईला निघालेला माणूस आणखी कसा दिसणार?" मेजरांनी भिंग घेतलं, एक शिपाई उजेडात धरला, बराच वेळ पाहिला आणि जपून जागेवर ठेवला. "असाच दिसतो," ते म्हणाले.

शिपाई पडला तरी 'मेला' म्हणायचं नाही, हा नियम साडूंनीच आणला. आपल्याकडे नारळ फोडत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. घरातलं मीठ संपत नाही, वाढतं. तसा साडूंचा शिपाई मरत नसे, वाढत असे. "तुमचे दोन वाढले, माझा एक वाढला," असं म्हणत ते शिपाई दोन बोटांनी उचलून कापूस घातलेल्या डब्यात निजवत. आम्हाला सगळ्यांनाच ती सवय लागली. आणि मग निखिल आला. हिंजवडीच्या कंपनीत संगणकावर काम करणारा, नागपूरचा, उंच, मोठ्या आवाजाचा मुलगा. अमेरिकेतल्या कामावरून परत येताना त्याने शिपायांचे खोके आणले होते. पहिलाच खेळ साडूंशी. साडूंच्या तोफेचा फासा कधी नव्हे तो चांगला पडला. साडू हळहळून म्हणाले, "तुमचे चार वाढले." निखिल खूश झाला. म्हणाला, "थँक यू, काकाजी," आणि खोक्यातून आणखी चार शिपाई काढून त्याने टेबलावर उभे केले.

साडूंना वाटलं, अमेरिकेत नवा नियम निघाला असेल. विचारायची भीती वाटली. त्यांनी पुन्हा तोफ डागली. "सहा वाढले." आणखी सहा उभे. जितके मारावे तितके शत्रू वाढत चालले. अकराच्या सुमाराला निखिलच्या सैन्याने टेकडी व्यापली, नदी ओलांडली, आणि साडू टेबलाच्या कडेला उरलेली माणसं घेऊन घामाघूम उभे होते. मेजर आत आले आणि ओरडले, "हे काय चाललंय? कुठून आले एवढे?" निखिल म्हणाला, "काकाजीच तर म्हणून राहिले न, वाढले म्हणून! मी काहून नाही म्हणू?" मेजर हसता हसता खुर्चीवर बसले. साडू हसले नाहीत. घरी जाताना मला म्हणाले, "पण साडूभाऊ, माझा एकही माणूस मी मागे टाकला नाही, ते पाहिलंत ना?" त्यानंतर निखिल त्यांचा भक्त झाला.

आता पुन्हा त्या रविवाराकडे येतो. रुग्णालयात तपासण्या झाल्या. दुसऱ्या दिवशी हृदयाचे डॉक्टर आले, तरुण होते, घाईत होते. साडूंच्या पलंगाशी उभे राहून ते म्हणाले, "काका, ब्लॉकेज बरंच वाढलंय."

साडूंचा चेहरा उजळला. त्यांनी पांघरूण बाजूला केलं. "वाढलं? सगळं? चला, सुटलो. साडूभाऊ, माझ्या चपला बघा."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी तोंड फिरवलं. मलाच साडूंच्या शेजारी बसून सांगावं लागलं की डॉक्टर आपल्या क्लबातलं मराठी बोलत नाहीत. त्यांनी ते ऐकून घेतलं. मग पांघरूण पुन्हा गळ्यापर्यंत ओढलं.

शस्त्रक्रिया करायची होती. किती जण त्यातून नीट बाहेर येतात, असं साडूंनी विचारलं. शंभरात पंचाण्णव, डॉक्टर म्हणाले. आणि नाही केली तर? तर सांगता येत नाही. जिना चढतानाही होऊ शकतं, बसल्या जागीही. डॉक्टर गेल्यावर साडू मला म्हणाले, "पंचाण्णव म्हणजे उत्तमच. पण याहून चांगल्या आकड्यावरही मी कधी हल्ला केलेला नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

मग ते टेबलावर लढत तसेच लढू लागले. गणपती होऊन जाऊ देत, म्हणाले. मग पितृपक्षात नको. मग दसऱ्याला घरात कुणी तरी हवं. मग दिवाळी. प्रत्येक सण ही एक टेकडी होती आणि ते तिच्या मागे जाऊन बसत. मेजर येऊन रागावले, निखिल येऊन गयावया करून गेला. साडू दोघांनाही चहा देत आणि विषय बदलत. मी रोज संध्याकाळी जाई. आम्ही फारसं बोलत नसू. ते बोलता बोलता थांबले की माझं वाचन थांबे. पुस्तकात मान घालून मी त्यांच्या शर्टाची वरखाली होणारी गुंडी बघत बसे. इतकी वर्षं मी त्यांच्या भीतीला हसलो होतो. ती अशी असते हे मला तेव्हा कळलं. तिच्यामुळे चहाची चव लागत नाही.

दिवाळी संपली. एका दुपारी मी गेलो तर साडू कपडे घालून बसले होते. म्हणाले, "डॉक्टरांना फोन करा. करून टाकू."

मी कारण विचारलं. ते स्वयंपाकघराकडे बघून हळू आवाजात म्हणाले, "दुपारी डोळा लागला होता. जाग आली तर ही माझ्या नाकासमोर हात धरून उभी. श्वास चालू आहे का बघत होती. मी किलकिल्या डोळ्यांनी पाहिलं आणि पुन्हा मिटून घेतले. दोनदा बघितलं हो तिने." त्यांनी चपला जवळ ओढल्या. "हिला मी उभ्या आयुष्यात घाबरलेली पाहिली नाही. झुरळ हिने हाताने उचलून टाकलेलं आहे. साडूभाऊ, या घरात भिण्याचं खातं माझ्याकडे आहे. त्यात तिने हात घातलेला मला चालणार नाही."

शस्त्रक्रियेच्या सकाळी त्यांना ढकलगाडीवरून नेताना त्यांनी वाटेतल्या दोन ट्यूबलाइट सैल आहेत असं वॉर्डबॉयला सांगितलं. दाराशी गाडी थांबली. ताई वाकल्या. साडू म्हणाले, "उपाशी बसू नकोस. पण कॅन्टीनमधला वडा खाऊ नकोस, तेल जुनं असणार." मग दार बंद झालं. ताईंनी वडा खाल्ला नाही. दुसरंही काही खाल्लं नाही. मी एकच पान उघडून बसलो होतो आणि त्यावर काय लिहिलं होतं ते मला आजही सांगता येणार नाही.

शस्त्रक्रिया नीट झाली. डॉक्टर हसत बाहेर आले, ताई तिथेच खाली बसून रडल्या, निखिलने कॉरिडॉरमध्ये मेजरांना मिठी मारली. साडू शुद्धीवर आल्यावर मला आत सोडलं. आवाज फारच बारीक झाला होता. ते म्हणाले, "साडूभाऊ, एक सांगू? आत जाताना मला भीती वाटलीच नाही."

"मग छानच झालं की," मी म्हणालो.

"छान कसलं! काही तरी बघायचं राहून गेलं असणार. त्याशिवाय असं होत नाही."

मी हसलो. त्यांनाही हसू आलं, पण छातीवरच्या टाक्यांना धक्का बसेल म्हणून त्यांनी ते थांबवलं. दोन दिवसांनी त्यांना ताप आला. डॉक्टरांनी करायचं ते सगळं केलं. ताप उतरला नाही. त्या आठवड्यातच साडू गेले.

याला बरीच वर्षं झाली. गिरणी बंद झाली, मेजर मुलीकडे राहायला गेले, आणि क्लब वाघोलीला निखिलच्या फ्लॅटमध्ये हलला. तिथे मोठं टेबल आहे, दिवे चांगले आहेत, आणि टेबलावर पीठ पडत नाही. साडूंचे शिपाई निखिलने काचेच्या कपाटात ठेवले आहेत. खेळायला काढत नाही. मी एकदा जाऊन आलो. पुन्हा गेलो नाही.

ताई आहेत. त्यांचं वय झालं आहे, एकट्या राहतात, तब्येत बरी आहे. दर रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे जातो. बेल वाजवली की दारापर्यंत यायला त्यांना वेळ लागतो. आतून पावलं ऐकू येईपर्यंत मला भीती वाटते.