अकरावा खर्डा

माझ्या टायपिंगच्या दुकानात अकरा वर्षं एक गिऱ्हाईक न चुकता डोक्याला ताप द्यायला यायचं. काटेवाले काका. ते गावाबाहेरच्या वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक आधी भरलेला तोलायचा, मग रिकामा, आणि वजाबाकी पावतीवर लिहायची. ही नोकरी सांभाळून हा माणूस कादंबरी लिहीत होता, दगडाच्या खाणीतल्या एका संपावर.

वर्षाला एक खर्डा. मी टाइप करून छापून द्यायची आणि काका ती पानं लाल शाईने रक्तबंबाळ करून परत आणायचे.

"काका, 'तो उठला'चं 'तो उठून उभा राहिला' केल्याने संप मिटणार आहे का?"

"संप नाही मिटणार. पण तो नीट उभा तरी राहील."

मी त्याच फाईलमध्ये दुरुस्त्या करायची. लाल पानांची मागची बाजू कोरी असायची, म्हणून ती पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात जायची. लोकांचे अर्ज आधी त्यावर छापून बघायची. कागद काय फुकट येतो?

कादंबरीत मुकादमाची एक मुलगी होती. पहिल्या खर्ड्यात चौथीत, दुसऱ्यात पाचवीत. मला वाटलं काकांची चूक झाली, म्हणून मी शहाणपणा करून पुन्हा 'चौथी' केलं. त्यांनी त्यावर लाल रेघ मारून 'पाचवी' लिहिलं. घरी आईला सांगितलं तेव्हा कळलं, त्यांची एकुलती एक मुलगी चौथीत असताना तापाने गेली होती. त्यानंतर मी त्या मुलीच्या एका शब्दालाही हात लावला नाही.

छापलेला गठ्ठा न्यायला काकू यायच्या. वाचायच्या नाहीत. "माझ्याच्याने नाही होत," म्हणायच्या. फक्त विचारायच्या, "यंदा कितवीत?" मी सांगायची, सातवीत. नववीत. ती बारावी पास झाली त्या वर्षी काकू माझा हात हातात धरून बराच वेळ बसून राहिल्या.

अकराव्या खर्ड्याला प्रकाशक मिळाला. अट एकच, ती मुलगी काढा, गोष्टीत तिचं काही काम नाही. काका आठवडाभर दुकानावरून नुसतेच जात-येत होते. मग एके दिवशी आत आले.

"तू काढ. माझा हात चालत नाही."

एकसष्ट पानं निघाली. उरलेलं मी वाचून पाहिलं. प्रकाशकाचं बरोबर होतं, कादंबरी कुठेही अडखळत नव्हती. मला त्याचाच राग आला.

गठ्ठा न्यायला नेहमीप्रमाणे काकू आल्या. "यंदा कितवीत?"

"कॉलेजात. दुसऱ्या वर्षाला," मी धडधडीत खोटं बोलले.

पुस्तक आलं. आठ दिवसांनी ते पिशवीत घालून काकू दुकानात आल्या.

"सगळं वाचलं गं, पहिल्यांदाच. ती कुठल्या पानावर आहे?"

मी सगळं खरं सांगून टाकलं. त्या रडल्या नाहीत, चिडल्याही नाहीत.

"जुनं काही असेल ना तुझ्याकडे?"

फाईल एकच होती आणि तिच्यातून मी तिला काढून टाकलं होतं. मी पाठकोऱ्यांचा गठ्ठा जमिनीवर ओतला आणि आम्ही दोघी खाली बसून कागद उलटेपालटे करू लागलो. रजेचे अर्ज, भाडेकरार, कुणाचं राजीनाम्याचं पत्र. मागच्या बाजूला संप, संप आणि संप. बहुतेक पानं मी केव्हाच रद्दीत घातली होती. त्या दिवशी माझ्या काटकसरीचा मला जेवढा तिटकारा आला, तेवढा कधी आला नाही.

अगदी तळाशी एक पान सापडलं. एका बाजूला शिलाई मशीन विकण्याची जाहिरात, दुसऱ्या बाजूला पहिला खर्डा. मुलगी चौथीत होती. बुटाची नाडी बांधता येत नाही म्हणून बापापुढे पाय करून उभी होती आणि शाळेला उशीर होतोय म्हणून वर त्यालाच रागवत होती.

काकूंनी ते दोनदा वाचलं. मग पानाची घडी घालून पुस्तकात ठेवली.

"ही आमची," त्या म्हणाल्या. "पुढच्या सगळ्या ह्यांच्या एकट्याच्या होत्या."