सासू-सुनेची सांगड

मागच्या दिवाळीत नातवानं मला मोबाईलवर एक होडी दाखवली. पोरगा चाकणला कंपनीत शिफ्टला जातो, घरी आला की सोफ्यावर पडून जगभरचं काहीबाही बघत असतो. "आजी, हे बघ ना. नवरा-बायको ह्या होडीतून महासागर ओलांडतायत. सीझन संपलाय, वादळं सुरू झालीत, तरी निघालेत." मी चष्मा लावून बघितलं. एक होडी नव्हतीच ती. दोन निमुळत्या होड्या शेजारी शेजारी, वरून एकमेकींना जोडलेल्या, आणि खाली डोंगराएवढं पाणी वर-खाली होत होतं.

मी म्हटलं, "अरे, ही तर सांगड!"

तो हसला. "आजी, ह्याला कॅटमरान म्हणतात."

म्हणोत बापडे. मला नाव शिकवायला निघालाय! समुद्र मी पुढे पाहिला, सहलीच्या गाडीतून उतरून गुडघाभर पाण्यात उभी राहिले, नाही असं नाही. पण मला खरं भ्यायला लावलं ते आमच्या इंद्रायणीनं, आणि तेही एकदाच.

चिखलीच्या पुढं नदीकाठाला आमची वाडी होती. आता तिथं शेड आहेत, वर्कशॉप आहेत, नदी कुठं आहे ते माणसाला विचारावं लागतं. तेव्हा स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीकडं नुकतेच कारखाने उभे राहत होते आणि माझा नवरा तिथं बांधकामावर रोजानं जायचा. पलीकडं चाकणच्या वाटेला लागायचं तर नदी ओलांडावी लागे, आणि ती ओलांडायला तरीवर, म्हणजे उताराच्या घाटावर, एक सांगड होती. आंब्याची दोन खोडं कोरून केलेल्या दोन डोणी, वर आडवे बांबू टाकून वाखाच्या दोरानं जखडलेल्या. एक डोण थोराड, जुनी, काळी पडलेली. दुसरी अरुंद आणि नवी. दिवसभर एकमेकींवर आपटायच्या, कुरकुरायच्या, पण सुटायच्या नाहीत. म्हणून अख्खी वाडी एकीला सासू म्हणायची आणि दुसरीला सून. तरीवरचा म्हातारा माणसं बसवताना चेहऱ्यावरची रेघही न हलवता सांगायचा, "तुमी सासूत बसा. तुमी सुनंत." दोन्हीकडं भार सारखा लागायचा. एकीकडचं माणूस हलकं असलं, की तो त्या डोणीत दगड ठेवायचा.

माझ्या खऱ्या सासूला मी आत्याबाई म्हणायचे. उंच, दणकट बाई. आवाज असा, की शेताच्या ह्या टोकाला बोलली तर त्या टोकाचे बैल थांबायचे. सासरे मात्र अगदी गप्प. आत्याबाईंचं एकच वेड होतं, पदर. माझ्या डोक्यावरचा पदर जरा घसरला, की झालंच. दळताना घसरला, बोलणी. हंडा उचलताना घसरला, बोलणी. "पदर घे, माणसं हायती." एकदा गोठ्यात शेण भरत होते, तिथंही तेच. मला राग लवकर येतो, तेव्हाही यायचा. मी म्हटलं, "आत्याबाई, हितं कोन हाय? निस्ता बैल हाय."

"मंग? बैल काय बाई हाय व्हय?"

मी बैलाकडं पाठ केली आणि शेण भरत राहिले.

हस्त सरत आला होता. परतीचा पाऊस आठवडाभर धुमाकूळ घालून गेला होता आणि त्या सकाळी लख्ख ऊन पडलं. आत्याबाईंनी कांद्याचं बी आणायचं काढलं. पलीकडच्या गावातल्या एका माळ्याचंच बी त्यांना चालायचं, आणि ते स्वतः दातांखाली चावून बघितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. मला बरोबर चल म्हणाल्या. माझा थोरला तेव्हा पाच महिन्यांचा. चारच दिवसांपूर्वी तापातून उठला होता, हाताला नुसती हाडं लागायची. अंगावरच प्यायचा. वाटीनं गाईचं दूध घातलं की फुर्र करून उडवायचा. वैद्यबुवांनी बजावलं होतं, ह्याचं दूध तुटू देऊ नका, ह्याच्यात आता दुसरं काही उरलेलं नाही. पण जाऊन यायला कितीसा वेळ, दुपारच्या पाजण्याला परत येऊ, असा हिशोब करून मी त्याला जावेकडं दिला आणि निघाले.

बी घेतलं आणि आभाळ भरून आलं. आमच्यावर पडला तो थोडाच. खरा पडला तिकडं वर, लोणावळ्याच्या डोंगरांत. परत येताना वाटेतच मला एक आवाज ऐकू यायला लागला. मोठ्या जात्यात कुणीतरी दगड भरडतंय असा. "ह्यो कसला आवाज?" मी विचारलं. आत्याबाई भराभर चालायला लागल्या.

काठावर आलो.

सकाळची नदी तिथं नव्हतीच. पाणी पार बाभळींच्या शेंड्यांपर्यंत चढलेलं, लालभडक, मधोमध फुगलेलं. हो, नदी मधे उंच आणि काठांना खाली दिसत होती. आख्खी झाडं मुळांसकट उभ्यानं जात होती. बाजरीच्या पेंढ्या, कुणाच्या तरी छपराचा सांगाडा, त्याच्यावर एक कोंबडी, शहाण्यासारखी गप्प बसलेली. एवढं पाणी कुठून येतं, कुठं जातं, आणि इतके दिवस ते होतं कुठं? मला भीती वाटलीच, पण त्याच्याही आधी वाटलं, देवा, हे तू आम्हाला रोज दाखवत नाहीस ते बरं आहे.

तरीवरचा म्हातारा सांगड वर ओढून वडाला बांधत होता. म्हणाला, "न्हाई अक्का. आज न्हाई." तरीवर बुडणं हा शब्द उच्चारायचा नाही अशी रीत होती, म्हणून तो एवढंच म्हणाला, "नदीच्या मनात आज बरं न्हाई."

आळंदीकडून वळसा घालावा, तर मधले ओढे चढलेले. आणि तेवढ्यात समोर, आमच्या वाडीच्या काठावर माझी जाऊ दिसली, पोराला घेऊन आलेली. खांद्यावर टाकत होती, हातांवर झुलवत होती, फेऱ्या मारत होती. त्या गोंगाटात रडणं ऐकू येणं शक्यच नव्हतं, पण मला ते दिसत होतं. मग बघता बघता तिनं झुलवायचं थांबवलं. पोर खांद्यावर नुसतं पडून राहिलं. रडणारं मूल परवडलं हो, गप्प झालेलं नको. माझी चोळी दुधानं भिजून चिंब झाली होती.

आत्याबाईंनी माझ्या चोळीकडं बघितलं. मग म्हाताऱ्याला म्हणाल्या, "दादा, सांगड सोड."

"अक्का, सांगितलं न्हवं? नदीच्या मनात—"

"तिच्या मनाचं ती बघंल. आमचं पोर उपाशी हाय."

म्हातारा वडाकडं वळला. दोर सोडायला लागला. सासू सासूत बसली, सून सुनंत. माझ्याजवळ त्यानं दगड ठेवले. तो स्वतः सासूच्या मागच्या टोकाला वल्हं घेऊन बसला. नदीची ओटी भरायला नारळ कुठला आणणार? आत्याबाईंनी पदराला बांधलेली पुरचुंडी सोडून कांद्याच्या बियांची एक चिमूट नदीला वाहिली. त्या बियांतला एक दाणा त्यांनी सख्ख्या बहिणीला दिला नसता.

काठ सुटला आणि नदीनं आम्हाला उचललं. अगदी उचललंच. डोणी एकदा ही वर, एकदा ती वर, बांबू करकरा वाजत होते. मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा आम्ही फुगवट्यावर चढत होतो, आणि तिथं, ऐन मधोमध, आवाज बंद झाला. आजही मला त्याचा उलगडा होत नाही. दोन्ही काठांना नुसता कल्लोळ आणि मधे एकदम शांत, गुळगुळीत पाणी. ढग फाटून पिवळं ऊन पडलेलं. दोन्ही काठ खाली दिसत होते, माणसं मुंगीएवढी. पोराचा, जिवाचा, सगळ्याचा मला क्षणभर विसर पडला. आईशप्पथ सांगते, इतकं सुंदर मी त्यानंतर काही पाहिलं नाही.

आणि तेवढ्यात धाडकन ओंडका बसला.

पुढचा बांबू मोडला, दोर तटकन तुटला. दोन्ही डोणींची तोंडं एकमेकींपासून फाकायला लागली. मागचा बांध तेवढा धरून होता, तो तरी किती धरणार. म्हातारा ओरडला, "सासू-सून सुटल्या! बांधा! कायबी घ्या, पर बांधा!" त्याला वल्हं सोडता येत नव्हतं. दोर तर वाहून गेला. मी माझ्या लुगड्याला हात घातला.

"हात लावू नगंस!" आत्याबाई गरजल्या. "तुला पोराला पाजायचंय, चार माणसांत उतरायचंय." आणि बियांची पुरचुंडी माझ्या ओटीत फेकली. "हे धर. भिजवशील तर बघ."

आणि त्या बाईनं स्वतःचं लुगडं फेडलं. त्या काळी आत परकर-बिरकर काही नसायचं. वर चोळी, बस. नऊ वार ओलं लुगडं तिनं डोणीच्या तोंडाशी असलेल्या खुंट्याला एक वेढा देऊन माझ्याकडं फेकलं. मी माझ्या खुंट्याला वेढा घालून परत फेकलं. "वढ! आनि वढ! जेवत न्हाईस का?" ती फेकायची, मी ओढायची. फाकलेली डोण हळूहळू तिच्याकडं सरकली, टेकली. तिनं गाठ मारली आणि त्या गाठीवर दोन्ही तळहात दाबून बसली. केस सुटलेले, पाय उघडे, पाणी अंगावरून निथळतंय, आणि ती ताठ बसून म्हाताऱ्याला सांगतीये, "डावीकडं घे, झाड येतंय." मला तिच्याकडं बघवेना आणि नजरही काढवेना. मघाशी नदीकडं बघितलं होतं ना, तशीच मी आता तिच्याकडं बघत होते.

काठ जवळ आला. सगळी वाडी जमली होती, बापय माणसं दोर घेऊन पाण्यात उतरलेली. म्हाताऱ्यानं लांबूनच हाळी दिली, "तोंडं फिरवा रं! तोंडं फिरवा!" कुणाला काही कळेना. मग माझ्या सासऱ्यांनी लुगड्याच्या रंगावरून ओळखलं असावं. तो गप्प माणूस पहिला वळला. नदीकडं पाठ करून उभा राहिला. त्याच्या मागोमाग एकेक करून सगळे वळले. दोर त्यांनी न बघताच मागं टाकला, आणि म्हाताऱ्यानं तो धरल्यावर पाठमोरेच ओढत राहिले.

सांगड टेकल्याबरोबर आत्याबाई गळ्याइतक्या पाण्यात उतरून बसल्या. "माझं बघू नगंस. जा."

मी चिखलातून रांगत वर गेले. जाऊ धावत आली, पोर माझ्या मांडीवर टाकलं आणि घोंगडी घेऊन खाली पाण्याकडं पळाली. पोराचे डोळे अर्धे मिटलेले, ओठ कोरडे. मी तिथंच चिखलात त्याला छातीला लावलं. तोंड हलेना. मी थोडं दूध त्याच्या ओठांवर पिळलं. "पी रे, पी माझ्या राजा." एकदा ओठ हलले, थांबले. मग त्यानं असं काही ओढलं, की मला कळ आली आणि मी मोठ्यानं रडायला लागले.

आत्याबाई घोंगडी गुंडाळून वर आल्या, थडथड कापत होत्या. माझ्यासमोर उभ्या राहिल्या. पोर गटगट पीत होतं, त्याच्याकडं त्या कितीतरी वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता ह्या बाईच्या पायांवर डोकं ठेवावं. तेवढ्यात त्यांनी घोंगडीतून एक हात बाहेर काढला आणि माझा खांद्यावर पडलेला चिखलाचा पदर उचलून माझ्या डोक्यावर ओढला.

"पदर घे," त्या म्हणाल्या. "माणसं हायती."

माणसं सगळी अजून पाठमोरीच उभी होती. मी पदर घेतला.