कोजागिरीपर्यंतचा हार

दसरा आणि कोजागिरी यांच्या मधल्या एका सकाळी, अंबरनाथला, कारखान्याच्या क्लबपुढच्या हिरवळीवर गवत कापायच्या यंत्राने पेट घेतला. यंत्र जळाले. माळ्याचा हात भाजला. माझे यजमान त्या कारखान्यात फोरमन होते. त्या दिवशी ते जेवायला घरी आले नाहीत.

यजमानांना जाऊन आता वर्ष होत आले. त्यांच्याविषयी काहीतरी लिहून ठेव, असे मुले म्हणतात. त्यांचा हजरजबाबीपणा, त्यांनी घरी बनवलेला पाणी तापवायचा बंब, त्यांचे वाचनाचे वेड, लिहिण्यासारखे पुष्कळ आहे. पण लिहायला बसले की त्या सकाळपाशी येऊन थांबते. म्हणून आधी तेच लिहिते.

स्वातंत्र्य मिळून काही वर्षे झाली होती. कारखान्यातले इंग्रज साहेब एकेक करून परत गेले होते, पण त्यांचा क्लब आणि क्लबपुढची हिरवळ मागे राहिली होती. नवे मॅनेजर आपल्यातलेच होते. हिरवळीच्या बाबतीत मात्र ते गेलेल्या साहेबांपेक्षा कडक. गवत बोटभर वाढले तरी त्यांना खपत नसे. आमचे क्वार्टर क्लबच्या मागच्या बाजूला होते आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून हिरवळीचा अर्धा भाग दिसे.

माळी बदलापूर गावातला. त्याचा स्वतःचा बैल होता. गोल फिरणाऱ्या पात्यांचे एक जुने अवजार तो त्या बैलाला जुंपी आणि सकाळभर हिरवळीवर येरझारा घाली. खुरांचे ठसे उठू नयेत म्हणून बैलाच्या चारही पायांत चामड्याचे बूट घालावे लागत. माझी मुले ते बघायला धावत. माळी बूट बांधताबांधता त्यांना म्हणे, "बघा रं, बैलाच्या पायान बूट, आनि धनी अनवानी." रोज तेच म्हणे आणि मुले रोज हसत.

पेट्रोलवर चालणारे यंत्र आणायची कल्पना यजमानांची. त्यांना यंत्रांची मनापासून आवड होती. मॅनेजरांना त्यांनीच पटवले आणि मुंबईच्या एका एजंटामार्फत ते विलायतेहून मागवले. लाकडी खोक्यातून ते बाहेर काढले तेव्हा माळी त्याच्याभोवती दोनदा फिरला आणि म्हणाला, "शेन टाकत नाय हा. मग गुलाबांना खत कुठून आनू?" यजमान हसले. त्यांनी त्याला समजावले की आता तू नुसता माळी राहणार नाहीस, यंत्र चालवणारा होशील, नोकरी कायम होईल, चाळीत खोली मिळेल. खोली मिळाली. बायकोला घेऊन तो तिथे राहायला आला. बैलाला आता काम उरले नव्हते, म्हणून पावसाळ्याच्या तोंडावर त्याने तो वांगणीकडच्या कुणाला तरी विकला. त्यानंतर तो कामावर आला, पण कितीतरी दिवस मुलांशी बोलला नाही.

यंत्राबरोबर एक वर्षाची गॅरंटी आली होती. आमच्या घरात तोवर गॅरंटी असलेली एकही वस्तू नव्हती. यजमानांनी तो छापील कागद घरी आणून मला दाखवला. वर्षभर काहीही झाले तरी जबाबदारी त्यांची, असे ते मोठ्या समाधानाने म्हणाले. कागदाच्या मागच्या बाजूला बारीक अक्षरांत बराच मजकूर होता. तो आम्ही दोघांनीही वाचला नाही. एरवी आम्ही दोघे पुडीचा कागदसुद्धा वाचून मग फेकत असू.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये पूजा होई. लेथ पुसून लख्ख करत, हळदकुंकू वाहत, प्रत्येक यंत्राला झेंडूचा हार घालत. पूर्वी हे हार सुकले की कुणीतरी ओढून काढी आणि लोखंडाच्या किसाबरोबर उकिरड्यावर टाकी. यजमानांना ते बरे वाटेना. फोरमन झाल्यावर त्यांनी नियम केला, की हार कोजागिरीपर्यंत काढायचे नाहीत. कोजागिरीला सगळे एकदम टोपल्यांत भरून शिवमंदिराजवळच्या नदीत सोडायचे. लोकांना हा नियम आवडला होता. लेथवर हार असला काय आणि नसला काय, काम अडत नसे.

त्या वर्षी गवताचे यंत्रही वर्कशॉपमध्ये पूजेला नेले. माळ्याच्या बायकोने त्यासाठी दुहेरी दोऱ्यात घट्ट हार ओवला होता. तो पेट्रोलच्या टाकीवरून खाली इंजिनाभोवती गुंडाळला. दसरा झाल्यावर यंत्र परत आमच्या मागच्या पडवीत आले, कारण तिथेच ते ठेवत. दुसऱ्या दिवशी सकाळी माळी ते न्यायला आला. यजमान कामावर निघत होते. मी पडवीत भांडी आवरत होते.

माळी म्हणाला, "साहेब, हार काढू का? बैलाचा आमी जुपायच्या आधी काढतो. नायतर तोच खातो."

यजमान म्हणाले, "हा नाही खाणार. कोजागिरीपर्यंत राहू दे. नियम आहे."

"बरा," माळी म्हणाला, आणि यंत्र ढकलत घेऊन गेला.

इतकेच बोलणे झाले.

त्याच्या दुसऱ्या दिवशी मी खिडकीतून धूर पाहिला. मला वाटले, माळी पाचोळा जाळतो आहे. मग यंत्राचा आवाज थांबला आणि माणसे धावताना दिसली. मी पोहोचले तेव्हा दोघेजण वाळूच्या बादल्या ओतत होते आणि माळी बाजूला गवतावर बसला होता. उजवा हात त्याने समोर धरला होता, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा. काही बिघडले तर आधी पेट्रोलचा कॉक बंद करायचा, असे यजमानांनी त्याला शिकवले होते. कॉक ज्वाळेच्या आत होता. त्याने हात घालून तो बंद केला होता.

यजमानांनी दुसऱ्या दिवशी इंजिन उघडले. ते हवेवर थंड होणारे इंजिन होते. आत एक पंखा होता आणि तो बाहेरची हवा ओढून इंजिनाभोवतीच्या, उष्णता बाहेर टाकणाऱ्या पात्यांवर सोडायचा. हाराच्या सुकलेल्या पाकळ्या आणि दोरे त्या पंख्याने आत ओढले होते. पात्यांमधल्या फटी गच्च बुजल्या होत्या. त्यामुळे इंजिन नको इतके तापले. पण पेट्रोलच्या नळीचा सांधाही झाळ, म्हणजे डाख, सुटून उघडा पडला होता आणि ती झाळ मुळातच कच्ची होती, असे त्यांचे म्हणणे. संध्याकाळी चहा पिताना ते मला म्हणाले, "दोन्ही खरं आहे. सांधा पक्का असता तर नुसतं तापून बंद पडलं असतं. हार नसता तर सांधा आणखी वर्षभर टिकला असता." तोवर ते माझ्याशी सगळे मोकळेपणाने बोलत होते.

एजंटाचा माणूस मुंबईहून आला. इस्त्रीचे कपडे, हातात कातडी बॅग. त्याने चिमट्याने इंजिनातल्या जळक्या पाकळ्या एकेक काढून रुमालावर मांडल्या आणि मग गॅरंटीच्या कागदाची मागची बाजू पुढे केली. बाहेरची वस्तू आत गेल्यामुळे झालेले नुकसान गॅरंटीत बसत नाही, असे तिथे लिहिलेले होते. तो वर्कशॉपमधल्या सगळ्यांदेखत यजमानांना म्हणाला, "इंजन को हार पहनाया, साहब, तो आरती भी हो गयी." दोनचार कामगार हसले. यजमान म्हणाले, "हवा खेचणाऱ्या पंख्यावर साधी जाळीसुद्धा नाही, आणि सांध्याला झाळ नावाला. ते आधी बघा." तो म्हणाला, विलायतेत कुणी इंजिनाला हार घालत नाही. यजमान म्हणाले, "मग इकडे विकायला आणताना हे माहीत नव्हतं?" तो त्यावरही हसला आणि बॅग बंद करून गेला.

पुढे पत्रांची ये-जा सुरू झाली. कारखाना लिही की सांधा कच्चा. एजंट लिही की हार. माळ्याचा हात तोवर दवाखान्यात बांधला जात होता. त्याची बायको रोज आमच्याकडून दूध नेई. त्या दिवसांत यजमान जिद्दीने भांडत होते. यंत्राचा दोष ठरला तर माळ्यावर काही येत नाही, असे ते मला म्हणत, आणि मला त्यांचा अभिमान वाटे.

मग एजंटाने तोडगा काढला. कंपनी नवे यंत्र देईल, मेहेरबानी म्हणून. फक्त कारखान्याने लिहून द्यायचे, की यंत्रात दोष नव्हता, चालवणाऱ्याच्या निष्काळजीपणामुळे हार इंजिनावर राहिला आणि आग लागली. मॅनेजर खूश झाले. हिरवळ पुन्हा वाढू लागली होती. त्यांनी यजमानांना सांगितले, पत्र तुम्हीच लिहा, यंत्राचे तुम्हाला कळते.

त्यांनी कच्चे पत्र घरी आणले आणि माझ्यापुढे ठेवले. त्यांच्या इंग्रजीवरून मी नेहमी नजर फिरवीत असे. मी ते वाचले आणि विचारले, "पण हार ठेवायला तुम्ही सांगितलं होतं ना?"

"नियम होता तो."

"नियम तुमचाच."

त्यांनी पेनाला टोपण लावले. मग म्हणाले, "या खुर्चीवर आजवर आपल्यातलं कुणी बसलं नव्हतं. फोरमन इंजिनाला हार घालायला लावतो, हे वर गेलं तर मला परत लेथवर उभं करतील. त्याला काय, दुसरीकडे काम मिळेल. माळीकाम कुठेही असतं."

मी पत्र परत दिले. त्यांनी दुसऱ्या दिवशी ते टाइप करून घेतले आणि सही केली.

नवे यंत्र आले. पत्रात निष्काळजीपणा लिहिला होता, तेव्हा ज्याचा निष्काळजीपणा, त्याला ठेवणे मॅनेजरांना शक्य नव्हते. संक्रांतीच्या सुमारास माळ्याने खोली रिकामी केली. पत्रात काय आहे, हे त्याला कुणी सांगितले नव्हते. हात भाजला म्हणून आता आपण कामाचे नाही, असे त्याने धरले होते. बोटे सरळ होत नव्हती, हेही खरे. निरोप घ्यायला तो पडवीत आला. यजमान घरी नव्हते. तो म्हणाला, "वैनी, साहेबांना सांगा, वाईट वाटून घेऊ नका. यंतरच जलला, त्याला कोन काय करनार." मी त्याला तिळगूळ दिला. त्याने तो डाव्या हाताने घेतला.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही दोघे पडद्यांचे कापड घ्यायला उल्हासनगरला कॅम्प एकमध्ये गेलो होतो. सिंधी दुकानदार तागे उलगडत होता. बाहेर हातगाडी थांबली आणि कापडाच्या गाठी उतरू लागल्या. गाडी ओढणारा आमचा माळीच होता. दांडी डाव्या हातात आणि एक पट्टा खांद्यावरून. दुकानदार आतून ओरडला, "ए साईं, जल्दी करो, गिऱ्हाईक खडा है." माळ्याने आम्हाला पाहिले आणि हसून रामराम केला. मुलांची चौकशी केली. यजमानांनीही रामराम केला. मग ते दुकानातून बाहेर पडले आणि सरळ स्टेशनच्या दिशेने चालू लागले. मी मागोमाग गेले. कापड घेतले नाही.

वर्कशॉपमधला नियम त्यांनी त्याच वर्षी बदलला. दसऱ्याच्या संध्याकाळीच हार काढायचे, असे ठरले. का, ते त्यांनी कुणाला सांगितले नाही.

त्यानंतर आम्ही एकदा बदलापूर गावात माळ्याच्या घरी गेलो. त्याच्याशी बोलायचे आहे, असे यजमानांनी मला घरून निघतानाच सांगितले होते. काय बोलायचे ते मला ठाऊक होते. माळ्याने ओटीवर घोंगडी अंथरली, बायकोने कोरा चहा केला. भाताच्या गोष्टी झाल्या. पाऊस कसा, रोप कसे, सगळे झाले. मग माळ्यानेच विचारले, "नवा यंतर बरा चालतो ना?"

"चालतं," यजमान म्हणाले.

"हार नका घालू त्याला," माळी म्हणाला आणि मोठ्याने हसला. त्याची बायको हसली. मलाही हसावे लागले. यजमानांनी चहाचा पेला खाली ठेवला. ते आता बोलतील, म्हणून मी त्यांच्याकडे पाहत राहिले. त्यांनी उपरणे सारखे केले आणि निघायला हवे म्हणाले.

परत येताना नदीच्या पुलावर ते एवढेच म्हणाले, "बोलायचं राहिलं." पुन्हा जाऊ, असे मी म्हणाले. त्यांनी मान हलवली. पुढची दोन-तीन वर्षे दर दसऱ्याच्या सुमारास जाण्याचा विषय निघे आणि काहीतरी आड येई. मग एकदा बदलापूरच्या एका कामगाराने सहज सांगितले, की माळी पावसाळ्यातच तापाने गेला. यजमान ते ऐकून घरी आले, आणि जेवताना मला सांगून पुढे जेवत राहिले. नंतर त्यांनी माळ्याचे नाव काढले नाही. मीही काढले नाही. ते काढायला हवे होते, असे आता वाटते. त्यांना कुणाजवळ तरी ते बोलता आले असते.

नोकरीत ते पुढे बरेच वर गेले. त्यांना मान मिळाला आणि तो खोटा नव्हता. हाताखालच्या माणसांशी ते नीट वागत, कुणावर ठपका येत असेल तर दहा वेळा चौकशी करत. लोक त्याला स्वभाव म्हणत.

माळी नाही, त्याची बायकोही नाही. यजमानही गेले. त्या आगीत माळ्याची चूक नव्हती, हे ठाऊक असलेली आता मी एकटीच उरले आहे.