पूर्ण वाक्यात उत्तर

माझी धाकटी जाऊ आणि मी एकाच शर्टाच्या कारखान्यात. ती कॉलर शिवते, मी शेजारच्या मशीनवर कफ. कारखान्यात तिला सगळे डिक्शनरी म्हणायचे. हे नाव ठेवणारी मीच.

झालं काय, मॅनेजरने एकदा सगळ्यांसमोर सांगितलं, जिला इंग्रजी बोलता येईल तिला लाईनची सुपरवायझर करू. बाकीच्यांनी या कानाने ऐकलं, त्या कानाने सोडलं. ही मात्र दुसऱ्याच दिवशी क्लासला नाव घालून आली. दर रविवारी, दोन वर्षं. पोराला ताप असो की घरात पाहुणे असोत, हिचा क्लास चुकला नाही. स्वयंपाक माझ्या गळ्यात.

घरभर चिठ्ठ्या लावल्या होत्या. मिठाच्या डब्यावर, आरशावर, संडासाच्या दारावरसुद्धा. मशीनला रोजचे दहा शब्द चिकटवलेले असायचे. थर्टी आणि थर्टीन वेगवेगळे निघावेत म्हणून कॉलरीमागून कॉलरी जायच्या, हिचं आपलं थर्टीन, थर्टीन चालूच.

मी म्हणायचे, "अगं, जीभ उसवेल एखाद दिवशी. ती शिवायला सुई नाही आपल्याकडे."

"हसा तुम्ही जाऊबाई. सुपरवायझर झाले ना, की तुमचा एक कफ परत पाठवणार नाही."

क्लासच्या बाईंचा एक नियम होता. प्रश्न आला की पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं, नुसतं यस-नो चालायचं नाही. हिने तो नियम अंगी भिनवून घेतला.

मग माल घेणाऱ्या कंपनीची पाहुणी बाई तपासणीला आली. अशा दिवशीची आमची रीत ठरलेली आहे. फरशी पुसायची, गठ्ठ्यांनी अडलेलं मागचं दार मोकळं करायचं आणि कुणी काही विचारलं तर मान डोलवायची. पाहुणी हिच्या मशीनवरच्या चिठ्ठ्या बघून थांबली, कौतुकाने हसली आणि काहीतरी विचारलं. ही उठून उभी राहिली. एकेक शब्द सुटा करत उत्तर देऊ लागली. सगळं नाही, पण थर्टीन मला कळलं. दोन वर्षं कानाशी तेच होतं. घाईची ऑर्डर असली की तेरा तास बसतोच आम्ही, खोटं काय त्यात?

पाहुणी लिहून घेऊ लागली. मॅनेजर हसत तिला काही बोलला आणि माझ्याकडे वळला.

"मी सांगितलं, हिला इंग्रजी येत नाही, नुसते शब्द घोकते. तू घरातलीच ना हिच्या? खरं की नाही?"

त्याचा हात माझ्या मशीनवर होता. उद्या या मशीनवर दुसरी कुणी बसेल, हे त्याने बोलायची गरज नव्हती. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात जळतही होतं, की कालची आलेली धाकटी जाऊ आता माझे कफ तपासणार.

"हो साहेब," मी म्हटलं, "पोपटपंची आहे नुसती."

त्याने ते पाहुणीला सांगितलं. तिने लिहिलेलं खोडलं. जाऊ पुन्हा बोलली, आणखी सावकाश, आणखी स्वच्छ. तोवर पाहुणी पुढच्या लाईनला गेली होती.

सुपरवायझर म्हणून मॅनेजरची मेहुणी आली. तिला इंग्रजीचा गंध नाही. मेल्याला तशीच हवी होती.

घरी येऊन ही भांडली असती तर बरं झालं असतं. मीही चार शब्द सुनावून, रडून मोकळी झाले असते. पण ती मुकाट ताटावर बसली.

"भात वाढू?"

"हो."

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही."

चार महिने झाले याला. चिठ्ठ्या अजून तशाच आहेत, मीठ काढताना रोज दिसतात. एका स्वयंपाकघरात वावरतो आम्ही, पण हो-नाहीच्या पुढे एक शब्द तिने मला दिलेला नाही.