सुईसारखा झटका

उस्मानपुऱ्यातल्या दवाखान्यात शेजारी बसलेली ती बाई अजिंठ्याकडची होती. माझ्यासारखाच तिचाही हात मधूनच झटका देऊन उडायचा. धरून आणलेल्या कोंबडीसारखा तिनं तो पदराखाली दाबून ठेवला होता.

स्नायूंतली वीज टिपायला दोघींच्या दंडाला तारा चिकटवल्या. पडद्यावर तिचा झटका सुईसारखा टोकदार उठला, माझा पसरट. डॉक्टर म्हणाले, तिचा बिघाड मेंदूतला आहे, गोळ्या जन्मभर. माझ्या मेंदूत काहीच नाही, व्यायामानं थांबेल.

माझ्या पोटात दुखलं. तिला आता घरी कुणी ‘नाटकं करते’ म्हणणार नव्हतं. मला सासूपासून सगळे म्हणणार होते.

“लई नशिबाच्या बाई तुम्ही,” ती म्हणाली. “बदलता का हात?”

ती हसली. मी हसले नाही. मला खरंच बदलायचा होता.