तेराशे एकतीस पिना

विट्याच्या सयाजी आबांनी आयुष्यात जेवढे कॉम्प्युटर मारले, तेवढे गावात कुणी चालवलेही नसतील. एकतीस वर्षं त्यांचं सेलमला गलाईचं दुकान होतं. सोनं गाळायचं, शुद्ध करायचं, त्याचा टंच, म्हणजे शुद्धतेचा कस, काढून द्यायचा, हा धंदा. विट्याकडची माणसं या धंद्यापायी देशभर पांगलेली आहेत, त्यात नवल काही नाही. पण आबांकडे सोनारांच्या बरोबरीनं भंगारवालेही यायचे, पोत्यात जुन्या कॉम्प्युटरच्या हिरव्या पट्ट्या घेऊन. त्यांच्या पिनांवर सोन्याचा पातळ मुलामा असतो. पोतंभर पट्ट्या तेजाबात घालाव्यात, तेव्हा कुठं चिमूटभर सोनं हाती लागायचं. त्यामुळं कॉम्प्युटर ही किलोवर घ्यायची वस्तू आहे, अशी आबांची पक्की समजूत होती.

त्यातूनच बारा वर्षांपूर्वी तो घोटाळा झाला. लेक क्रांती तेव्हा अकरा वर्षांची. तिनं फोनवर हट्ट धरला, "आबा, मला कंप्युटर पायजे." आबांनी दिवाळीला येताना इवलेसे कानातले आणले आणि मोठ्या कौतुकानं सांगितलं, "ह्यात चाळीस कंप्युटरचं सोनं हाय, बाय!" पोरगी जी रडायला लागली ती भाऊबीजेपर्यंत थांबली नाही. चाळीस दिले तरी ही एकासाठी का रडते, हे आबांना काही केल्या कळेना.

दोन वर्षांपूर्वी दुकान पुतण्याच्या हवाली करून आबा कायमचे घरी आले. येऊन बघतात तर लेक मोठी होऊन गेलेली. कराडला इंजिनिअरिंग केलं, लगतच्या मलकापुरात नोकरी धरली, तिथंच खोली घेऊन राहिली. शाळेची पुस्तकं, कॉलेजचा प्रवेश, पहिली स्कूटी, सगळ्या वेळी तिच्यासोबत गेली ती तिची आई, विजयमाला. आबांनी पैसे धाडले, पण दुकानाची पायरी लेकीबरोबर कधी चढले नाहीत. याचं त्यांना फार वाईट वाटायचं. बोलून मात्र दाखवायचे नाहीत.

आणि परवाच्या शुक्रवारी क्रांतीचा फोन आला. ती आणि तिच्या तीन मैत्रिणी मिळून कॉम्प्युटरवर कसलासा नेमबाजीचा खेळ खेळत. एका मोठ्या स्पर्धेत त्यांची टीम पुढच्या फेरीला गेली होती. मॅच रविवारी चार वाजता. क्रांतीचा जुना लॅपटॉप म्हणजे अडेल तट्टू; ऐन मोक्याला चित्र जागच्या जागी थांबायचं. तेव्हा साठवलेल्या पैशातून ती शनिवारी सुटे भाग घेणार होती आणि स्वतःच्या हातानं गेमिंगचा कॉम्प्युटर जोडणार होती.

विजयमालानं फोन स्पीकरवर टाकला होता. आबा मागून म्हणाले, "मी येऊ का गं?"

क्रांती म्हणाली, "या की. पर आबा, कशाला हात लावायचा न्हाई हां."

आबांनी फक्त "या की" एवढंच ऐकलं. शनिवारी पहिल्या एस्टीनं निघाले. खिशात एक कातडी पिशवी: भिंग, बारीक चिमटा आणि सोनं घासून पारखायचा कसोटीचा काळा दगड. आबा जेवणाचा डबा विसरतील, पण ही पिशवी विसरणार नाहीत.

कराडच्या स्टँडवर क्रांती घ्यायला आली होती. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणाऱ्या जयराजचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. लेकीबरोबर दुकानाचा जिना आबा पहिल्यांदाच चढत होते. आत शिरले नि बघतच राहिले. भिंतभर खोकी, काचेत मांडलेल्या हिरव्या-काळ्या पाट्या. आबांनी त्या आजवर तुटक्या, जळक्या, धुळीत लोळलेल्याच बघितल्या होत्या. कोऱ्या करकरीत पहिल्यांदाच.

"किती झ्याक दिसत्यात गं जित्तेपणी!" ते म्हणाले. क्रांतीला हसू आवरेना.

तिनं मोबाइलमध्ये यादी केली होती आणि तिच्यापासून ती तीळभर हलायला तयार नव्हती. जयराज रंगीत दिवे लागणारी रॅम दाखवायला लागला, तर म्हणाली, "दिवं नकोत. आठ-आठच्या दोन साध्या द्या. वाचत्याल ते ग्राफिक कार्डाला." कॅबिनेट साधंच, पण वारा खेळता राहील असं जाळीचं. ग्राफिक कार्ड आणि प्रोसेसर दोन्ही वापरलेले, कारण नवे घेतले तर मॉनिटरला काही उरत नव्हतं. पोरगी घासाघीस करत होती, नको म्हणत होती, परत मागत होती, आणि आबा कोपऱ्यात उभे राहून मनातल्या मनात फुगत होते. एकतीस वर्षं गिऱ्हाईक बघितलेला माणूस तो. पक्कं गिऱ्हाईक त्याला पायरीवरच कळतं.

पॉवर सप्लायचे दोन डबे समोर आले तेव्हा मात्र त्यांना राहवलं नाही. "हात लावू का?" त्यांनी विचारलं. क्रांतीनं मान डोलावली. आबांनी एक डबा या हातात, एक त्या हातात तोलला आणि डावीकडचा पुढं केला. "ह्यो. जड हाय. आत माल हाय."

जयराज म्हणाला, "काका, बरोबर बोललात. आम्हीबी तेच सांगतो." क्रांतीनं आबांकडं जरा वळून बघितलं.

मग मॉनिटर. जयराजनं दोन शेजारी शेजारी लावले. एक सत्तावीस इंची, ऐसपैस, पण पंच्याहत्तर हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला तेवढ्या वेळा चित्र बदलणारा. दुसरा चोवीस इंची, एकशे पासष्टचा. पैसे सारखेच. "मोठा घ्या ताई, खोलीत रुबाब दिसतोय," जयराज म्हणाला. क्रांतीनं आबांना पुढं केलं, माऊस हातात दिला आणि दोन्हींवर बाण गोल गोल फिरवायला सांगितला.

आबांनी फिरवला. मोठ्यावर बाण उड्या मारत होता, मागं ठिपके ठिपके टाकत होता. लहान्यावर तेलात घातल्यासारखा फिरत होता. राखेतून सोन्याचे कण वेचलेले डोळे ते. त्यांना दोन वेळा दाखवावं लागत नाही.

"म्हंजी आकार न्हाई बघायचा. टंच बघायचा," आबा म्हणाले.

"आवं, हेच!" क्रांती ओरडलीच. "हेच मी आईला कालपास्नं सांगाय लागलीय!"

आता आबांना कोण थांबवणार? त्यांनी भिंग काढलं. जयराजनं पडदा पांढरा केला, तेव्हा आबा नाक लावून इंच इंच बघत सरकत गेले आणि उजव्या कोपऱ्यात थांबले. "हितं एक काळा ठिपका हाय. हाललाच न्हाई." जयराजनं वाकून बघितलं, क्रांतीनं बघितलं. खरंच होता, मोहरीच्या दाण्याहूनही बारीक. जयराजनं एका शब्दानं न कुरकुरता दुसरा मॉनिटर काढून दिला. जिना उतरताना क्रांतीनं मॉनिटरचं खोकं स्वतः घेतलं आणि प्रोसेसरची चपटी डबी आबांच्या हातात दिली. "ही तुमी धरा." आबांनी ती मलकापूर येईपर्यंत दोन्ही हातांत धरली होती. त्यांना वाटलं, एवढ्यासाठी सेलमहून चालत आलो असतो तरी चाललं असतं.

खोलीवर पोचल्यावर क्रांतीच्या लक्षात आलं, प्रोसेसरवर लावायची पेस्ट दुकानातच राहिली. "पंध्रा मिनिटांत येते," म्हणून ती स्कूटी घेऊन गेली. आबा आणि डबी, दोघंच खोलीत उरले.

आता इथं आबांची बाजूही ऐकली पाहिजे. वस्तू वापरलेली. दुकानदार कितीही गोड बोलला तरी दुकानदारच. सेलमला असल्याच पिनांच्या नावाखाली त्यांना एकदा निव्वळ पितळ गळ्यात मारलं होतं कुणी. आणि लेकीचा सगळा खेळ या एका तुकड्यावर. बाप म्हणून खात्री करायला नको? त्यांनी डबी उघडली. पालथ्या तुकड्यावर पिवळ्याधमक पिना, दाट, रांगारांगांनी. तेराशे एकतीस असतात, असं क्रांती वाटेत म्हणाली होती. सोनं समोर आलं की आबांचा हात डोक्याला विचारत नाही. दगड कधी बाहेर आला आणि तुकड्याचा कोपरा त्यावर कधी ओढला गेला, त्यांनाच समजलं नाही.

दगडावर अगदी पुसट पिवळी रेघ उठली. सोनं अस्सल होतं.

आणि कोपऱ्यातल्या सात पिना वाऱ्यानं पडलेल्या उसागत आडव्या झाल्या होत्या.

आबांनी घाईघाईनं दगड पिशवीत टाकला. ते कॉटवर बसले. डबी मिटून ठेवावी, काही बोलू नये, माल तसलाच निघाला म्हणावं, असंही क्षणभर मनात आलं. येऊन गेलं हे लपवण्यात अर्थ नाही. पण जयराजवर आळ घ्यायचा, तर तो पोरगा बिचारा मॉनिटर बदलून देताना हसत होता. खाली स्कूटी थांबल्याचा आवाज आला. क्रांती आत आली तेव्हा आबा डबी उघडी धरूनच बसले होते.

"मी दगडावं घासली," ते म्हणाले. "मला वाटलं, तुला फसवलं आसंल."

क्रांतीनं तुकडा उजेडात धरला. तिचा चेहरा उतरला. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. "एकच सांगितलं हुतं, आबा," एवढंच ती म्हणाली आणि तिनं जयराजला फोन लावला. तो म्हणाला, पिना वाकलेला प्रोसेसर परत घेता येत नाही. पिना सरळ करून बघा, पण एक जरी तुटली तरी काही खरं नाही. दुसरा तसला माल सोमवारी येईल.

मॅच रविवारी होती.

आबांना विट्याची एस्टी आठवली, आणि आता पुन्हा आपल्याला कुणी कशाला बोलावणार, हेही. मग त्यांनी पिशवीतून चिमटा काढला. "क्रांते, ह्याला हात लावू का?" त्यांनी विचारलं.

क्रांतीनं खुर्ची खिडकीशी ओढली, मोबाइलची बॅटरी लावली आणि तुकडा त्यांच्या समोर ठेवला.

भिंग डोळ्याला लागलं आणि आबा बदलले. मघाचा घाबरलेला म्हातारा कुठल्या कुठं गेला. चिमट्याचं टोक पिनेच्या बुडाशी टेकवायचं, केसभर उचलायचं, सोडायचं. थांबायचं. पुन्हा केसभर. "धातूला घाई चालत न्हाई," ते पुटपुटले. "एका दमात उठवली की मोडंल." पहिली उभी राहिली. दुसरी, तिसरी. क्रांती उजेड धरत होती. तिचं डोकं आबांच्या खांद्याला टेकलं होतं, आणि ते दोघांच्याही ध्यानात नव्हतं. सहा पिना झाल्या. सातवी दोनदा मुरडलेली. तिच्यावर आबांनी इतका वेळ घेतला की खालच्या दुकानातून चहा आला, निवला, त्यावर साय धरली.

"बघ आता," ते म्हणाले.

प्रोसेसर जागेवर बसवताना जोर लावायचा नसतो. पिना सरळ असतील तर तो आपल्या वजनानंच खाली बसतो. क्रांतीनं तो मदरबोर्डवर ठेवला. नाही बसला. आबांनी उचलून परत भिंगाखाली धरला. सातवी अजून तसूभर कलली होती. चिमटा, केसभर, थांबा. पुन्हा ठेवला. या वेळी तो अलगद खाली उतरला.

"बसला! आबा, बसला!"

मग काय विचारता! पुढचे दोन तास बापलेकीनं उभ्याउभ्या काढले. रॅम खटकन बसली, ग्राफिक कार्ड बसलं, वायरींचं जाळं झालं. आबा स्क्रू हातात देत होते आणि प्रत्येक भागाचं नाव विचारून पाठ करत होते. एकतीस वर्षं फोडत आले होते, आज पहिल्यांदा जोडत होते. शेवटी क्रांतीनं बटण दाबलं. पंखे फिरले. पडदा काळाच. दहा सेकंद, वीस सेकंद. आबा खंडोबाला काय काय नवस बोलले ते खंडोबालाच ठाऊक. "पयल्यांदा येळ लावतंय कधी कधी," क्रांती म्हणाली, पण नखं खात होती. आणि मग पडदा लख्खकन उजळला. दोघं एकदमच ओरडले. शेजारची बाई दार वाजवून विचारून गेली, काय झालं म्हणून.

रविवारी चार वाजता आबा तिच्या मागं खुर्ची टाकून बसले. कोण कुणाला मारतंय ते त्यांना ओ की ठो कळलं नाही, तरी "धर त्याला! सोडू नगं!" करून घसा बसवून घेतला. चित्र एकदाही अडकलं नाही. चौघी जिंकल्या, तेव्हा क्रांतीनं हेडफोन फेकून आबांना मिठीच मारली. तिच्या कानात ते चाळीस कॉम्प्युटरचे कानातले होते, हे त्यांना तेव्हा दिसलं.

संध्याकाळी तिनं त्यांना स्कूटीवरून कराडच्या स्टँडवर सोडलं. गाडी लागली होती. आबा पायरीवर चढले तशी ती खालून म्हणाली, "आबा, पुढल्या म्हैन्यात माझ्या मैत्रिणीचा जोडायचा हाय. दगड घरी ठिवा. चिमटा तेवढा आणा."

आबांनी मान हलवली, दोन-तीन वेळा.

घरी पोचले तर विजयमाला दारातच. "काय झालं? जिंकली का पोरगी?"

आबांनी पिशवीतून कसोटीचा दगड काढून तिच्या हातात ठेवला. "ह्यो कपाटात घाल," ते म्हणाले, "आन किल्ली तुझ्यापाशी ठिव. पुढल्या म्हैन्यात तिनं मला परत बोलावलंय."