बगरूचा निळा अंगठा

“सही मी करणार. मोठा मी आहे.”

“मोठा आहेस ना? मग सहा वर्षं कुठे होतास?”

ऑपरेशन थिएटरच्या दाराबाहेर, कॉरिडॉरमध्ये हे चाललं होतं. दोघा भावांच्या मधे ट्रॉलीवर त्यांचे बापूजी, गोपालजी, डोळे मिटून पडले होते. खुब्याचं हाड मोडलेलं. वय चौऱ्याहत्तर.

मी तेव्हा जयपूरच्या एका हॉस्पिटलात प्री-ऑपची इन्चार्ज सिस्टर होते. प्री-ऑप म्हणजे पेशंटला ऑपरेशनला आत नेण्याआधी त्याची सगळी तयारी करून घेणारं खातं. माहेर वर्ध्याचं, नवरा रेल्वेत. बदलीनं जयपूरच्या दुर्गापुऱ्यात आलो ते तिथलेच झालो. इतक्या वर्षांच्या नोकरीत एक कळलं. माणसं वॉर्डात कुजबुजतात, डॉक्टरांसमोर माना डोलावतात, आणि भांडायला कॉरिडॉर शोधतात. तिथे बसायला धड जागा नसते, करायला काही नसतं. मग जुनं काहीबाही बाहेर पडतं.

या दोघांचं जुनं काय ते मला सकाळीच कळलं होतं. घर जयपूरजवळच्या बगरूचं, धंदा कापडावर लाकडी ठप्पे मारून छपाई करायचा. एका फुलाला दोन ठप्पे लागतात. एक बाहेरची रेघ मारणारा, दुसरा आत रंग भरणारा. भाऊ वेगळे झाले तेव्हा हट्टानं वाटणी केली. रेघेचे ठप्पे मोठ्या कैलाशनं नेले, रंगाचे धाकट्या महेशनं. बापूजी महेशकडे राहिले. सहा वर्षं एकाकडे नुसत्या रेघा, दुसऱ्याकडे नुसते डाग. बापूजींनी स्वतः काढलेलं फूल कोणालाच छापता येईना. बाप्पा, भांडायलाही काही अक्कल लागते की नाही!

आता भांडण होतं की ऑपरेशननंतर बापूजी कोणाच्या घरी जाणार. दोघांनाही ते हवे होते, हीच पंचाईत. आणि कन्सेंटवर, म्हणजे ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर, सही करील त्याच्या घरी ते जाणार, असा दोघांनी आपापल्या मनानं कायदा केला होता. पेशंट शुद्धीवर असला की सही त्याचीच लागते, हे मी तीनदा सांगून थकले.

आणि पेशंट सही करत नव्हता. वॉर्डात म्हणाले, “वर थिएटरपाशी गेल्यावर करतो.” वर आल्यावर म्हणाले, “आधी यांचं काय ते ठरू दे. एक पाय एकाच्या घरी, दुसरा दुसऱ्याच्या, असं झोपवणार का मला?”

भूल देणारे डॉक्टर माथुर दारातून डोकावले.

“सिस्टर, सही झाली?”

“होतेय, सर.”

“दहा मिनिटं. नाहीतर पुढची केस घेतो. यांचा नंबर मग परवा.”

परवा म्हणजे आणखी दोन दिवस मोडक्या खुब्यानं उताणं पडणं. म्हाताऱ्या माणसाची छाती अशानेच भरते, आणि मग हाड राहतं बाजूला. मला खरंच भीती वाटत होती. दोघांनाही कानाखाली द्यावी असं वाटत होतं, पण ते माझ्या ड्यूटीत बसत नव्हतं.

इथे सकाळची एक गोष्ट सांगायला हवी. बोटाला एक क्लिप लावतात. तिच्यातून लाल उजेड बोटाच्या आरपार जातो, आणि रक्तात ऑक्सिजन किती ते मशीनवर दिसतं. नखावर रंग असला की ती फसते. गोपालजींचा जन्म निळीच्या हौदापाशी गेलेला, नखं पार निळी. वॉर्डात आमच्या एका सिस्टरनं क्लिप त्यांच्या अंगठ्याला लावली आणि मशीननं बोंब ठोकली. मी क्लिप काढून कानाच्या पाळीला लावली. आकडा लगेच अठ्ठ्याण्णव.

गोपालजी खूश झाले. “मशीन फसली?”

“फसली, बाबा.”

“आणि अशी ओरडली की काय होतं?”

“काय होणार? सगळे धावत येतात.”

“सगळे?” त्यांनी दोनदा विचारलं. मी मूर्खासारखी हो म्हणाले.

तर कॉरिडॉरमध्ये कैलाश म्हणत होता, “तुझ्याकडे होते म्हणून पडले.” महेश म्हणत होता, “तू पायरीही चढला नाहीस आमची.” आणि ट्रॉलीच्या पायाशी ठेवलेलं मशीन अचानक टिंग टिंग ओरडायला लागलं. आकडा एक्याऐंशी.

“बापूजी!” दोघे एकदम झेपावले. कैलाशनं खांदा धरला, महेशनं पाय. “सिस्टरजी, कुछ करो!”

मी आधी मनगट धरलं. नाडी ठणठणीत. श्वास शांत, ओठ गुलाबी. मग कान पाहिला, तर कानाला क्लिप नाही. चादर जरा उचलली. क्लिप निळ्या अंगठ्याला! वर पाहिलं तर गोपालजींचा एक डोळा किलकिला उघडा, माझ्याकडेच लागलेला.

आता मी काय करायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. क्लिप कानाला लावायची, दोन सेकंदांचं काम. मी चादर परत खाली सोडली.

“बोला त्यांच्याशी,” मी म्हणाले. “ऐकू येतं त्यांना.” यात एक अक्षर खोटं नव्हतं.

कैलाश हमसून रडायला लागला. “बापूजी, महेशकडेच राहा. मी रोज येईन, पायाचा व्यायाम मी करून घेईन.”

“नाही भाईसाब,” महेश म्हणाला, “तुम्ही न्या त्यांना. फक्त मला येऊ द्या.”

सहा वर्षांनी तो त्याला भाईसाब म्हणाला. मग पुन्हा वाद सुरू, तू ने, नाही तुम्ही न्या. मशीन ओरडतंय. मी कपाळाला हात लावला.

मिटल्या डोळ्यांनी, अगदी क्षीण आवाजात गोपालजी म्हणाले, “ठप्पे... एका पेटीत ठेवा...”

“ठेवतो!” दोघे एकदम.

“आईची शपथ?”

“आईची शपथ!”

मी क्लिप कानाला लावली. अठ्ठ्याण्णव. मशीन गप्प. गोपालजींनी खणखणीत आवाजात पेन मागितलं.

आवाज ऐकून डॉक्टर माथुर धावत आले. “काय झालं?”

“क्लिप जागेवरून हलली होती, सर.”

“आपोआप?”

“पेशंटनं हलवली.”

त्यांनी निळा अंगठा पाहिला, रडके भाऊ पाहिले, सहीचा कागद पाहिला. “सिस्टर, क्लिपवर टेप मारायची असते. तुम्हाला मी सांगायचं?”

“चुकलं, सर,” मी म्हणाले. खरंच चुकलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. टाके काढायला आले तेव्हा गोपालजी वॉकर घेऊन त्याच कॉरिडॉरमधून चालत आले, दोन्ही बाजूंना दोन मुलगे. माझ्यासाठी एक चादर आणली होती. त्यांचंच फूल, सहा वर्षांनी पहिल्यांदा छापलेलं. रेघ एकीकडे, रंग अर्धं बोट सरकून दुसरीकडे.

“रेघ याची, रंग त्याचा,” गोपालजी म्हणाले. “दोघांना एकत्र कामाची सवय राहिली नाही. घरी जाऊन बघतो एकेकाला!”

दोघे खाली मान घालून हसत होते.

ती चादर आमच्या दिवाणावर आहे. येणारा प्रत्येक जण म्हणतो, अहो, छपाई हलली आहे. मी हो म्हणते. त्या दिवसानंतर रिटायर होईपर्यंत मी प्रत्येक क्लिपवर टेप मारली. पेशंटला दोन मुलगे असले, तर जरा सैल.